घराजवळचे गांधीलमाश्यांचे पोळे : ओळख, धोका आणि उपाय

पावसाळा ओसरला की शहरांतील इमारतींमध्ये रंगकाम, गळतीची दुरुस्ती आणि दिवाळीची आवराआवर एकदमच सुरू होते. नेमक्या त्याच सुमारास खिडकीच्या छज्जाखाली, एसीच्या बाहेरील यंत्रामागे किंवा पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली लटकणारे राखाडी पोळे कोणाच्या तरी नजरेस पडते. पुढचा प्रसंग बहुधा ठरलेला असतो. एकजण ते मधमाश्यांचे मोहोळ असल्याचे ठामपणे सांगतो, दुसरा मध मिळेल का याची चौकशी करतो, आणि तिसरा रखवालदाराच्या हाती लांब काठीला बांधलेला पेटता बोळा देऊन मोकळा होतो. हे पोळे नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही. वास्तविक पुढची सारी उपाययोजना त्या एका उत्तरावर अवलंबून असते. काही पोळी तशीच राहू दिली तरी बिघडत नाही. काही एका संध्याकाळी घरच्या घरी दूर करता येतात. तर काहींच्या वाटेला अनुभवी माणसाखेरीज कोणी जाऊ नये, हेच बरे.

मेण की कागद?

मधमाशी आणि गांधीलमाशी यांतील फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण पोळ्याच्या द्रव्यात आहे. मधमाशी आपल्या शरीरातून स्रवणाऱ्या मेणाचे पोळे बांधते. ते पिवळसर, पांढरट किंवा जुने झाल्यावर तपकिरी दिसते. गांधीलमाशी मेण तयार करीत नाही. वाळलेले लाकूड, कुंपणाचे खांब, जुनी दारे-खिडक्या यांवरील तंतू ती जबड्याने खरवडते, लाळेत मिसळून त्याचा लगदा करते आणि त्यापासून अस्सल कागदाचे घर उभारते. म्हणून तिचे पोळे राखाडी, रुक्ष आणि हाताला पुठ्ठ्यासारखे लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७१९ साली या कीटकांकडे बोट दाखवून लाकडापासून कागद करता येईल, अशी कल्पना मांडली होती. युरोपात त्या काळी कागद चिंध्यांपासून होत असे, आणि चिंध्यांचा तुटवडा ही तेथील कागद-व्यवसायाची मोठी अडचण होती.

दुसरी खूण शरीराची. मधमाशीच्या अंगावर दाट लव असते. गांधीलमाशीचे अंग गुळगुळीत, चकचकीत आणि कंबर अतिशय बारीक असते. तिसरी खूण डंखानंतर कळते, म्हणजे जरा उशिराच. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असल्याने ती माणसाच्या कातडीत रुतून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी सहज बाहेर निघते, त्यामुळे एकच माशी पुनःपुन्हा डंख करू शकते. डंख करतात त्या फक्त माद्या. नांगी हे मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप असल्यामुळे नराला ती नसतेच.

मधमाश्यांतही सारख्याच सावधगिरीने वागण्याचे कारण नाही. खिडकीच्या जाळीला किंवा कुंडीतील झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे असेल, तर ती लहानखुरी फुलोरी माशी असते आणि ती स्वभावाने बरीच सौम्य असते. भिंतीच्या पोकळीत किंवा मीटरच्या पेटीत समांतर पोळ्यांची रांग असेल, तर ती सातेरी. उंच इमारतीच्या सज्जाला किंवा जलकुंभाला मीटरभर रुंदीचा काळपट पडदा लटकत असेल, तर ते आग्या मोहोळ होय, आणि त्याला कोणीही स्वतःहून हात लावू नये. किल्ले व लेण्यांवर पर्यटकांवर होणारे हल्ले बहुतांशी याच माश्यांचे असतात. आग्यामाश्या स्थलांतर करणाऱ्या आहेत. फुलोऱ्याचा हंगाम संपला की काही महिन्यांत त्या आपणहून निघून जातात. तेवढी वाट पाहणे शक्य नसेल, तर प्रशिक्षित मधपाळाची मदत घ्यावी. पुण्यातील केंद्रीय मधमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर येथील मध संचालनालय येथे अशा प्रशिक्षित लोकांविषयी चौकशी करता येते.

छज्जाखालचा उघडा संसार

शहरातील घरांवर सर्वाधिक आढळणारे पोळे असते ते कागदी गांधीलमाशीचे. त्यावर बाहेरून कोणतेही आवरण नसते. एका बारीक काळ्या देठाला उलटे टांगलेले, खाली तोंड असलेल्या षट्कोनी घरांचे ते लहानसे तबक असते. देठ इतका बारीक ठेवण्यात शहाणपण आहे. मुंग्या हा या वसाहतीचा जुना शत्रू. त्यांना वर चढण्यास वाट अरुंद राहावी म्हणून देठ बारीक, आणि त्यावर मुंग्यांना दूर ठेवणाऱ्या स्रावाचा लेपही दिलेला असतो.

दक्षिण भारतात व महाराष्ट्रात आढळणाऱ्या ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके अभ्यास केला असून, २००१ साली या एकाच जातीच्या समाजजीवनावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या वसाहतीतील राणी दिसायला इतर माद्यांसारखीच असते आणि वागण्यात कमालीची शांत असते. तिला बाजूला काढले की कामकऱ्यांपैकी एक मादी अचानक अतिशय आक्रमक होते. राणी परत आणली नाही, तर तीच पुढची राणी बनते, अंडी घालू लागते आणि मग तीही हळूहळू निवळते. सत्ता हाती येईपर्यंतच दंडेली, असा हा प्रकार आहे.

घरमालकाच्या दृष्टीने या अभ्यासातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. युरोप-अमेरिकेतील माहितीपत्रकांत ‘थंडीची वाट पाहा, वसाहत आपोआप मरेल’ असा सल्ला हमखास आढळतो. तो तेथे खरा आहे. कडक हिवाळ्यात तेथील वसाहती संपतात आणि फक्त फळलेल्या माद्या तगून राहतात. आपल्याकडील हवामानात ते घडत नाही. येथे नवी पोळी वर्षभर केव्हाही सुरू होतात आणि जुनी महिनोन्‌महिने चालू राहतात. तेव्हा परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलून जानेवारीपर्यंत स्वस्थ बसण्यात काही अर्थ नाही.

या माश्या स्वभावाने भांडकुदळ नाहीत. पोळ्यापासून दोन-तीन मीटर दूर राहणाऱ्याची त्या दखलही घेत नाहीत. मात्र पोळ्याला धक्का बसला, त्यावर जोराचा श्वास वा धूर आला, शेजारचे झडप आपटले, तर संरक्षणासाठी झेप घेतात. बागेतील अळ्या पकडून, चावून, त्यांचे गोळे आपल्या पिल्लांना भरवणे हे त्यांचे मुख्य काम. गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांना ही फुकटची राखण आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

कुंभारीण : भीती अनाठायी

भिंतीच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या फळीमागे, कधी पडद्याच्या चुणीतही मातीचे छोटे गोल मडके किंवा शेजारी शेजारी लिंपलेल्या नळ्या दिसतात. हे कुंभारणीचे घर. ही माशी एकटी राहते. तिच्यामागे राखणदारांची फौज नसते, आणि घर काढले म्हणून ती अंगावर धावूनही येत नाही. हाती धरून दाबल्याशिवाय ती सहसा डंख करीत नाही. अनेक घरांत तिचे आगमन शुभ मानतात व घर मोडत नाहीत; विज्ञानालाही त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही.

संतवाङ्मयाच्या वाचकाला ही माशी परिचित आहे. भृंगी किड्याला आपल्या घरात कोंडते आणि तिचाच ध्यास घेतल्यामुळे तो किडा अखेर भृंगी होऊन बाहेर पडतो, असा दृष्टान्त आपल्याकडे शतकानुशतके दिला जातो. त्यातील निरीक्षण अचूक आहे, फक्त मधला दुवा निराळा आहे. मडके करणारी माशी अळी पकडून, तर नळ्या लिंपणारी कोळी पकडून, नांगीच्या विषाने त्याला लुळे करते; मारत नाही, कारण मेलेले भक्ष्य कुजेल. मग त्यासोबत एक अंडे ठेवून तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिल्लू ही ताजी शिदोरी खाऊन वाढते आणि यथावकाश माती फोडून बाहेर येते. पाहणाऱ्याने किडा आत जाताना पाहिलेला असतो आणि भृंगी बाहेर येताना.

कुंभारणीचा खरा उपद्रव वेगळा आहे. तिला आयते भोक फार आवडते. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी, कुलपाचे छिद्र, न वापरलेला विजेचा सॉकेट अशा जागा ती मातीने बुजवते. घरात याचा परिणाम म्हणजे भिंतीवर ओल. विमानाच्या बाबतीत तो जीवघेणा ठरू शकतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून उड्डाण केलेले बर्जनएअरचे विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग मोजणारी बाहेरील नळी बंद झाल्याने वैमानिकांना चुकीचा वेग दिसत होता. ती नळी सापडली नाही, तथापि अनेक दिवस उघडी राहिल्याने अशाच एखाद्या माशीने तीत घर केले असावे, असा तपासाचा निष्कर्ष होता. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर बाहेरून आलेल्या अशाच एका माशीच्या उपद्रवाचा अभ्यास झाला असून तो २०२० साली प्रसिद्ध झाला. घरातल्या माणसाने यातून घ्यायचे ते एवढेच, की बाहेर उघडणाऱ्या नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी.

खरा धोका : मोठी गांधीलमाशी

अडीच-तीन सेंटीमीटर लांबीची, काळ्या पोटावर ठळक पिवळा पट्टा असलेली, उडताना जाड घरघर करणारी माशी दिसली, तर मात्र सावध व्हावे. ही मोठी गांधीलमाशी आपले घर आवरणाने पूर्ण झाकते. आतील मजले दिसत नाहीत. बाहेरून दिसतो तो कागदी फुगा किंवा भोपळा, आणि त्याला येण्या-जाण्याचे एकच भोक. पुष्कळदा तर फुगाही दिसत नाही. झाडाची ढोली, छतावरील पोकळी, दगडी गडग्यातील फट, जमिनीतील बीळ अशा ठिकाणी वसाहत असते आणि एकाच जागेतून माश्यांची सतत ये-जा एवढीच खूण मिळते. छोट्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर ही दरोडा घालते. तिच्यापुढे त्या लढत नाहीत, पिल्ले मागे सोडून उडून जातात. छज्जाखालचे पोळे एकाएकी ओस पडलेले दिसले, तर त्यामागे कधीकधी हेच कारण असते.

अशा वसाहतीजवळ गवत कापण्याचे यंत्र, खोदकाम किंवा नुसती दणदण पुरते. एक माशी चिडली की ती सोडत असलेल्या गंधाने बाकीच्याही चवताळतात. म्हणूनच डंख करणारी माशी अंगावर चिरडणे हा मोठाच मूर्खपणा ठरतो.

काढावे की राहू द्यावे?

पोळे काढण्याचा निर्णय त्याच्या जागेवरून घ्यावा. कोणाच्या जाण्यायेण्यात नसलेले, हात पोहोचणार नाही अशा उंचीवरचे कागदी पोळे तसेच राहू देण्यात शहाणपण आहे. दाराची चौकट, जिन्याचा कठडा, मुलांची खेळण्याची जागा, कपडे वाळत घालण्याची दोरी, गॅस वा विजेच्या मीटरची पेटी येथील पोळे मात्र काढलेच पाहिजे. घरात कोणाला पूर्वी डंखाची तीव्र प्रतिक्रिया आली असेल, तर याबाबत सवलत नको.

सर्वांत सोपा काळ म्हणजे सुरुवातीचा. पोळे नाण्याएवढे असते आणि त्यावर एक-दोन माद्याच असतात, तेव्हा माशी नसताना ते लांब काठीने पाडावे आणि देठाची खूणही खरवडून टाकावी. दर पंधरवड्याला छज्जे, एसीच्या मागची बाजू आणि टाकीचे झाकण यांवर नजर टाकण्याची सवय असेल, तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

पोळे मोठे झाल्यावर काम व्यावसायिक कीटकनियंत्रकाकडे द्यावे. हे काम अंधार पडल्यावर करतात, कारण त्या वेळी बहुतेक सर्व माश्या घरी असतात व फारशा उडत नाहीत. दिवसा औषध मारल्यास बाहेर गेलेल्या माश्या परत येऊन जागा शोधत घिरट्या घालतात. कामापूर्वी शेजाऱ्यांना कळवून खिडक्या बंद ठेवाव्यात. मुले व पाळीव प्राणी आत घ्यावेत. रिकामे पोळेही काढून टाकावे. काही शहरांत महापालिकेचा कीटकनियंत्रण विभाग किंवा अग्निशमन दल या कामी मदत करते, पण सर्वत्र नाही. आधी चौकशी करणे बरे.

काय करू नये, याची यादी खरे तर मोठी आहे, पण त्यात सर्वांत वर आग. कागदी पोळे क्षणात पेट घेते, जळते तुकडे खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात, आणि होरपळलेल्या माश्या काठी धरणाऱ्याकडेच येतात. पाण्याचा फवारा मारून वसाहत मरत नाही, केवळ चिडते. भिंतीतील भोक सिमेंटने बंद केल्यास आतील माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट कधीकधी दिवाणखान्यात उघडते. शिडीवर उभे राहून औषध मारणे तर कधीही करू नये. डंखापेक्षा पडण्याने होणारी इजा अधिक गंभीर असू शकते.

येथे एक गोष्ट गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे. पोळे कोणाच्या खिडकीजवळ आहे हे रहिवाशांना महिनोन्‌महिने माहीत असते. माहीत नसते ते परांचीवर चढलेल्या रंगाऱ्याला, एसी दुरुस्त करणाऱ्याला आणि केबल ओढणाऱ्या मुलाला. सातव्या मजल्यावर, एका हाताने दोर धरलेल्या माणसाला माश्यांपासून पळायला जागा नसते. बाहेरील भिंतीचे कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी पाहणी करून पोळी काढणे आणि मगच माणूस वर चढवणे, हा कामाच्या कराराचाच भाग असला पाहिजे. ‘सांभाळून करा’ एवढे खालून ओरडणे म्हणजे काळजी घेणे नव्हे.

डंख झाल्यास

माश्या अंगावर आल्या तर हातवारे न करता, चेहरा झाकून सरळ धावत बंद खोलीत किंवा वाहनात शिरावे. पाण्यात उडी मारू नये. वर येताच त्या पुन्हा गाठतात. कातडीत नांगी राहिली असल्यास ती मधमाशीची असते. ती ताबडतोब काढावी. नखाने, कशाच्या कडेने, जसे जमेल तसे काढावी. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. जागा साबणाने धुऊन बर्फाची पिशवी ठेवावी. हाताला डंख झाला असल्यास अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. चुना, तंबाखू लावणे किंवा लोखंड घासणे यांचा विषावर काही परिणाम होत नाही. चुन्याने कातडी भाजते, एवढेच. दुखणे आणि सूज दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसली तरी ती डंखाच्या जागेपुरती असेल, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते.

डंखाच्या जागेपासून दूर, सर्वांगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, उलटी होणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसू लागले, तर ती तीव्र ॲलर्जी होय. हे सारे बहुधा काही मिनिटांत सुरू होते आणि एका डंखानेही होऊ शकते. अशा वेळी उपयोगी पडते ते मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवत नेऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मोठ्या रुग्णालयाच्या शोधात तासभर घालवण्यापेक्षा जवळचा, इंजेक्शन देऊ शकणारा दवाखाना गाठणे श्रेयस्कर. बरे वाटू लागल्यावरही काही तास देखरेखीखाली राहावे, कारण लक्षणे परत उलटू शकतात. ज्यांना एकदा असा त्रास झाला आहे, त्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. विषाच्या अल्प मात्रा वाढवत नेऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार उपलब्ध आहे.

दुसरा धोका ॲलर्जीशी संबंधित नाही आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. मोठ्या गांधीलमाश्यांचे अनेक डंख एकदम झाले, तर विषामुळे स्नायू व रक्तपेशींची हानी होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रुग्ण पहिल्या दिवशी बराही दिसतो. लघवीचे प्रमाण घटणे, तिचा रंग लालसर किंवा काळ्या चहासारखा होणे ही त्याची खूण असून ती एक-दोन दिवसांनी दिसू शकते. म्हणून दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक डंख झालेल्या माणसाला, आणि लहान मुलाला तर त्याहून कमी डंखांतही, तो ‘ठीक आहे’ म्हणत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी.